गर्भाशयमुखाची तपासणी आणि बिलावरचे कोड

गर्भाशयमुखाची तपासणी झाली की कागदावर दोन कोड चढतात. एक तपासणी कशासाठी झाली ते सांगतो, दुसरा डॉक्टरांनी प्रत्यक्ष काय केले ते. विमा कंपनी असो, सरकारी योजना असो किंवा कारखान्याचे वैद्यकीय खाते असो, या दोन कोडांचा मेळ बसतो की नाही हे पाहूनच पैसे मंजूर होतात. जिची तपासणी झाली तिला मात्र हे कोड सहसा कोणी समजावून सांगत नाही. खरे तर तिच्या शरीराबाबतचा निर्णय सर्वांत थोडक्यात तिथेच लिहिलेला असतो: नुसते पाहिले, तुकडा घेतला, की अवयवच काढला.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचे योनीत उघडणारे तोंड. इथला कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. पेशींतल्या पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षे जातात, म्हणजे रोखायला वेळ भरपूर असतो. तरीही २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले, असा जागतिक अंदाज आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती.

तपासणीचे टप्पे ठरलेले आहेत. पहिला टप्पा चाळणीचा. पॅप तपासणीत पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात, एचपीव्ही चाचणीत विषाणू शोधतात, आणि सर्वांत स्वस्त पद्धतीत तीन ते पाच टक्क्यांचे ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावून मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. संशय आला तर दुसरा टप्पा कॉल्पोस्कोपीचा. जर्मनीत हान्स हिन्सेलमन यांनी १९२५ साली पुढे आणलेल्या या पद्धतीत तोच भाग भिंगातून मोठा करून पाहिला जातो. पांढऱ्या डागातून चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला की ती बायोप्सी. मुखाच्या आतली नळी वेगळी खरवडतात. बदल पुढचा निघाला तर विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग कापून काढतात; यात तपासणी आणि उपचार दोन्ही साधतात. यातल्या प्रत्येक कामाला वेगळी साधने आणि वेगळे कौशल्य लागते, म्हणून प्रत्येकाचा दर वेगळा आणि कोडही वेगळा.

आजाराचे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून येतात. त्याची सुरुवात फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाली. आज भारतातल्या रुग्णालयांत तिची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी १०, प्रचलित आहे. तिच्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग 'सी ५३' या कोडाखाली येतो. पृष्ठभागावरच थांबलेला, आत न शिरलेला बदल 'डी ०६'. त्याच्या आधीचे सौम्य आणि मध्यम बदल 'एन ८७'च्या उपकोडांत. साधी सूज 'एन ७२', आणि ज्याला दवाखान्यात सर्रास 'छाला' किंवा 'जखम' म्हटले जाते ते मुखावरचे लालसरपण 'एन ८६'. काहीच त्रास नसताना चाळणी म्हणून तपासणी झाली तर 'झेड १२.४', आणि पॅपचा अहवाल बिघडलेला आला पण निदान अजून व्हायचे असेल तर 'आर ८७.६'.

या अक्षरांतले अंतर फार मोठे आहे. 'एन' प्रकरणातल्या कित्येक बदलांना काही महिन्यांनी पुन्हा तपासण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. 'सी'साठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे असा मोठा प्रवास सुरू होतो. म्हणूनच संशय म्हणजे निदान नव्हे, हा कोड लिहिण्यातला पायाभूत नियम आहे. अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण नोंदींच्या नियमांत तो स्पष्ट शब्दांत दिला आहे. 'कर्करोग आहे का ते पाहायचे' एवढ्याच टप्प्यावर असलेल्या स्त्रीच्या कागदावर कर्करोगाचा कोड घालता येत नाही. तिथे तिचे लक्षण किंवा बिघडलेल्या अहवालाचा कोड घालावा लागतो. भारतातही हा नियम काटेकोरपणे पाळला जायला हवा, कारण संगणकात गेलेली नोंद पुढच्या प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक विमा अर्जात तिच्या मागे जाते.

कामाच्या कोडांची सर्वांत बारीक रचना अमेरिकेत झाली. तिथल्या वैद्यक संघटनेने १९६६ मध्ये पहिल्यांदा काढलेल्या सीपीटी या यादीत प्रत्येक कामाला पाच अंकी क्रमांक आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या मेडिकल कोडिंग कंपन्यांत हजारो तरुण-तरुणी दिवसभर हेच क्रमांक लावतात, त्यामुळे कित्येक मराठी घरांत हे आकडे जेवणाच्या ताटावरही निघतात. नुसती कॉल्पोस्कोपी ५७४५२. कॉल्पोस्कोपी करून तुकडा घेतला तर ५७४५५. नळी खरवडली तर ५७४५६. तुकडा आणि खरवडणे दोन्ही असेल तर ५७४५४. तारेच्या फासाने तुकडा घेतला तर ५७४६०, शंकूच्या आकाराचा भाग कापला तर ५७४६१. भिंग न वापरता थेट तुकडा घेतला तर ५७५००.

नवख्या कोडरची गडबड होते ती नेमकी इथे. समजा, डॉक्टरांनी भिंगातून पाहिले, तीन ठिकाणांहून तीन तुकडे घेतले आणि नळीही खरवडली. पाहण्याचा एक, तुकड्यांचे तीन आणि खरवडण्याचा एक असे पाच कोड लावले तर दावा परत येतो. या सगळ्या कामाचा कोड एकच, ५७४५४, आणि तोही एकदाच. पाहणे हे तुकडा घेण्याच्या कामातच धरलेले असते आणि तुकडे किती घेतले यावर क्रमांक बदलत नाही. प्रयोगशाळेचा हिशोब मात्र वेगळा आहे. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीची सूक्ष्मदर्शक तपासणी ८८३०५ या क्रमांकात बसते आणि तिथे मोजणी वेगळी नाव-जागा लिहून पाठवलेल्या नमुन्यांची होते. तीन तुकडे तीन वेगळ्या बाटल्यांत, जागेच्या चिठ्ठीसह गेले तर तीन. एकाच बाटलीत गेले तर एक. बाटल्या वेगळ्या ठेवण्यामागे वैद्यकीय कारण असते. कोणत्या जागेचा बदल पुढचा आहे हे कळले तरच पुढचा उपचार नेमका करता येतो.

भारतातल्या आरोग्य विम्याच्या कागदांत दुसरीच पद्धत येते. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या दाव्याच्या अर्जाचा 'भाग ब' रुग्णालयाने भरायचा असतो. त्यात आजारासाठी आयसीडी १० चा आणि केलेल्या कामासाठी आयसीडी १० पीसीएस या पद्धतीचा कोड मागितलेला असतो. पीसीएसचा कोड सात खुणांचा असतो. पिनकोडमध्ये जसा प्रत्येक आकडा विभागाकडून टपाल कार्यालयापर्यंत नेतो, तशी इथली प्रत्येक खूण अर्थ अरुंद करत नेते. योनिमार्गातून घेतलेल्या गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा कोड '०यूबीसी७झेडएक्स' असा आहे. शून्य म्हणजे शस्त्रक्रिया विभाग, 'यू' म्हणजे स्त्रीप्रजनन संस्था, 'बी' म्हणजे भाग कापून घेणे, 'सी' म्हणजे गर्भाशयमुख, ७ म्हणजे शरीराच्या नैसर्गिक वाटेने, 'झेड' म्हणजे आत कोणतेही उपकरण ठेवले नाही, आणि शेवटचा 'एक्स' म्हणजे हे सगळे निदानासाठी केले. त्याच जागी शेवटी 'एक्स'ऐवजी 'झेड' आला तर अर्थ होतो की भाग उपचारासाठी काढला. एका अक्षरावर तपासणीची शस्त्रक्रिया होते.

छापील अर्जात रकाना असला तरी छोट्या रुग्णालयांत तो अनेकदा कोराच राहतो किंवा विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, कार्यालयात बसलेला माणूस डिस्चार्ज कार्ड वाचून तो भरतो. डिस्चार्ज कार्डावर 'सर्व्हिक्स बायोप्सी' एवढेच शब्द असतील तर भिंगातून घेतली की थेट, एका जागेची की अनेक, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

कोणता कोड लागणार आणि पैसे कोण देणार, या प्रश्नाची सगळी रूपे छत्तीसगडमधल्या भिलाई या एकाच शहरात दिसतात. सोव्हिएत संघाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि त्याच्या भोवती सेक्टरांचे शहर वसले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे इथे पिढ्यान् पिढ्या राहतात. कारखान्यातल्या कायम कामगाराच्या पत्नीची तपासणी सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात कारखान्याच्या खर्चाने होते. तिला बिलाचा कोड पाहण्याची वेळ सहसा येत नाही. कामगार निवृत्त झाला की कारखाना चालवणाऱ्या सेल या सरकारी कंपनीची मेडिक्लेम योजना लागू होते आणि बाहेरच्या रुग्णालयाचे बिल, पूर्वपरवानगी, टीपीए हे शब्द घरात येतात. ठेकेदाराकडचा कामगार वेतनमर्यादेत बसत असेल तर त्याची पत्नी ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याकडे, जाते, नाहीतर सुपेल्याच्या लालबहादूर शास्त्री शासकीय रुग्णालयात किंवा आयुष्मान कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात. आजार तोच, तपासणीही तीच, पण कोडांच्या याद्या निराळ्या आणि पैसे देणारे हातही निराळे.

खासगी विम्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीची पहिली अडचण अशी की ती बहुधा बाह्यरुग्ण विभागात होते. प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळलेल्या बाबींना प्रमाणित क्रमांक दिले. त्यातला चौथा क्रमांक 'तपासणी आणि मूल्यमापन' असा आहे. केवळ निदानासाठी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च त्याखाली नाकारता येतो. तिथेच दुसऱ्या क्रमांकाखाली ठरावीक आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. बऱ्याच पॉलिसींत कर्करोगाशिवायच्या कारणासाठी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया त्या यादीत असते. गंभीर आजाराच्या पॉलिसीत आणखी एक बारीक ओळ असते. 'कर्करोग' या शब्दाच्या प्रमाणित व्याख्येतून आत न शिरलेला कर्करोग आणि गर्भाशयमुखाचे सीआयएन १, २, ३ हे कर्करोगाआधीचे बदल नाव घेऊन वगळलेले आहेत. म्हणजे अहवालात 'डी ०६' आला तर एकरकमी पैसे मिळत नाहीत, 'सी ५३' आला तर मिळतात. पॉलिसी घेताना ही ओळ वाचायलाच हवी.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात प्रत्येक उपचाराचे ठरलेल्या दराचे पॅकेज असते आणि प्रत्येक पॅकेजला कोड असतो. स्त्रीरोग विभागाचे कोड 'एसओ' या अक्षरांनी आणि कर्करोग शस्त्रक्रियेचे 'एससी'ने सुरू होतात; पुढे अंक आणि उपप्रकाराचे अक्षर येते. २०२२ च्या सुधारित यादीत अशी १,९४९ कामे आहेत. छत्तीसगडने १ जानेवारी २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजनेत हिची सांगड घातली: प्राधान्य आणि अंत्योदय शिधापत्रिकेच्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख, इतरांना ५० हजार. आता ती शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाने चालते. देशभर एकच कोड असल्याचा मोठा फायदा भिलाईच्या रुग्णाला मिळतो. रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयाऐवजी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी जायचे ठरले तरी, तिथे योजना लागू असेल तर, छत्तीसगडचे कार्ड चालते, कारण दोन्ही राज्यांच्या संगणकात त्या कामाचे नाव एकच असते.

योजनेचा भर मात्र दाखल रुग्णावर आहे. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या आणि घरी गेल्यावर पंधरा दिवसांची औषधे पॅकेजमध्ये धरतात. बाह्यरुग्ण विभागात सुट्या होणाऱ्या तपासण्यांना सहसा पैसे नाहीत. या रचनेत धोका कुठे आहे हे छत्तीसगडने आधीच पाहिले आहे. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये सुरू झाली. स्मार्ट कार्डावर कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते आणि तेही दाखल झालेल्या रुग्णालाच. २०१२ मध्ये उघडकीस आले की राज्यातल्या काही खासगी नर्सिंग होममध्ये गरीब स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढली गेली. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, पाळी अनियमित येणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या बायकांना 'बच्चेदानी'त कर्करोग होईल अशी भीती घातली गेली. राज्याच्या वैद्यक परिषदेने काही डॉक्टरांची नोंदणी काही काळ स्थगित केली. ज्या भीतीचे उत्तर काही शे रुपयांच्या पॅप तपासणीने किंवा दाण्याएवढ्या तुकड्याने मिळाले असते, तिला यादीत पैशाचा रकाना नव्हता. अवयव काढण्याला होता. दरपत्रकातली ही पोकळी डॉक्टरांच्या गुन्ह्याचे समर्थन होऊ शकत नाही, पण गुन्ह्याला वाट तिनेच करून दिली.

महाराष्ट्रातही हे घडले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशा शस्त्रक्रियांविरुद्ध केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा आणि अनावश्यक शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये काळ्या यादीत टाका, असे राज्यांना सांगितले गेले. आयुष्मान योजनेत गर्भाशय काढण्यासाठी पूर्वपरवानगी लागते आणि दाव्यासोबत काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल मागितला जातो. अहवालाचा आग्रह हा इथला खरा लगाम आहे, कारण कोड खोटा लिहिता येतो, पण काचपट्टी पुन्हा तपासता येते.

आधी तपासण्यावर पैसे खर्च केले तर जीव वाचतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच उभा राहिला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, ती चाचणी झालेल्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करायची आहे. ती आरोग्य केंद्रात मोफत होते, पण डाग दिसल्यावर कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सीसाठी पुढे पाठवलेली स्त्री कोणत्या खात्यातून तपासली जाणार, हा दुवाच सर्वांत कच्चा आहे.

कोडांची पुढची पिढी येऊ घातली आहे. आयसीडी ११ जगभर १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली; तिच्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग '२सी७७' आणि आत न शिरलेला '२ई६६' आहे. आयुष्मान योजनेने २०२२ मध्ये तिच्या आधारे रुग्णांचे गट पाडून गटानुसार पैसे देण्याचा प्रयोग पाच राज्यांत करायचे ठरवले. त्यांत छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. अशा पद्धतीत रक्कम निदानाच्या कोडावरही ठरते. त्यामुळे निदान अहवालाशी जुळते की नाही हे पाहणे आणखी महत्त्वाचे होईल.

रुग्णाच्या हाती चार कागद असायला हवेत: तपासणीचे कारण लिहिलेली चिठ्ठी, कॉल्पोस्कोपीत डाग कुठे दिसला त्याचे टिपण किंवा चित्र, तुकडे किती आणि कोणत्या जागांचे हे सांगणारी प्रयोगशाळेची पावती, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल. अहवाल यायला काही दिवस लागतात आणि तोवर बिलावरचे निदान तात्पुरते असते. अहवाल आल्यावर अंतिम निदान कागदावर दुरुस्त करून मागता येते. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळा तो जपून ठेवते. शंका असेल तर तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेऊन नागपूरला किंवा मुंबईच्या टाटाला दुसऱ्या मतासाठी नेता येतात. त्यासाठी बहुतेक वेळा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. दुसरीकडे तयार झालेल्या काचपट्ट्या वाचून मत देण्याच्या या कामालाही सीपीटीच्या यादीत स्वतंत्र क्रमांक आहे, ८८३२१.